बॅकपॅकरच्या मागावर घर

घरातले माणूस पाठीवर सॅक टाकून महिनोन्‌महिने देशोदेशी फिरू लागले की घरच्यांचाही एक प्रवास सुरू होतो. ट्रॅव्हल कंपनीबरोबर गेलेल्यांचा कार्यक्रम छापील असतो. कोणत्या तारखेला कोणते हॉटेल, हे फ्रिजवर चिकटवून ठेवता येते. बॅकपॅकर मात्र उद्याचा मुक्काम आज रात्री ठरवतो. घरच्यांना तो कळतो परवा. त्यामुळे घर कायम त्याच्या एक-दोन गावे मागे चालत असते.

पूर्वी हे उलट होते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जग फिरायला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतले. त्या काळी आणि पुढेही कितीतरी वर्षे फिरस्त्याला पत्र पाठवायचे तर पोस्ट रेस्टांट ही सोय होती. पाकिटावर नाव आणि पुढच्या शहरातल्या मोठ्या पोस्टाचा पत्ता लिहायचा. पत्र तिथे पडून राही आणि प्रवासी ओळख पटवून ते सोडवून घेई. त्यासाठी घरी मार्ग आधी ठाऊक असावा लागे, आणि सगळे जमून आले तर घरचे पत्र प्रवाशाच्या आधी तिथे पोहोचलेले असे. बातमी शिळी मिळे, पण महिनाभर पत्र आले नाही म्हणून कोणी हबकून जात नसे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले, पाठोपाठ सायबर कॅफे आले, मग व्हॉट्सॲप. बातमी ताजी झाली तशी ती न येण्याची भीतीही वाढत गेली.

प्रस्तुत लेखिकेची भाची २०२२ साली बंगळुरूची नोकरी सोडून दक्षिण अमेरिकेत गेली. ब्राझील, अर्जेंटिना, चिली, बोलिव्हिया आणि पेरू, असा साधारण बेत होता. आई-वडील सांगलीत. मुलीने एकटीने जावे की नाही यावर घरात जे बोलणे व्हायचे ते होऊन गेले होते. ते इथे उगाळण्यात अर्थ नाही.

अशा प्रवासात घराकडे जी कामे येतात त्यांतले सर्वांत महत्त्वाचे काम बाहेरच्यांना ठाऊक नसते. प्रवासी त्या त्या देशाचे सिमकार्ड घेतो, आणि पुष्कळदा त्याचे भारतातले सिम जुन्या फोनमध्ये घालून घरी ठेवलेले असते. बँकेचा ओटीपी त्या नंबरवर येतो. पेरूचे घड्याळ भारताच्या साडेदहा तास मागे आहे. तिथे दुपारी साडेचारला कोणी तिकीट काढू लागले तर सांगलीत पहाटेचे तीन वाजलेले असतात. भाचीच्या आईने तो जुना फोन उशाशी ठेवला होता, शेजारी चष्मा. फोन वाजला की दिवा न लावता चष्मा चढवायचा, सहा आकडे वाचायचे आणि मुदत संपायच्या आत आपल्या फोनवरून पुढे धाडायचे. मेसेजमध्ये रक्कम असे, बहुधा पैसे घेणाऱ्याचे नावही. त्यावरून लेक बसचे तिकीट काढते आहे की खोली घेते आहे, हे त्या माउलीला फोटो येण्याच्या आधी समजे. नातेवाइकांच्या ग्रुपवर इग्वासूच्या धबधब्याचे फोटो येत आणि त्याखाली अंगठे पडत. प्रवासाचा खरा माग मात्र त्या जुन्या फोनवर निघत होता.

संपर्क तुटणे ही या प्रवासातली रोजची बाब आहे. बोलिव्हियातले उयुनीचे मिठाचे वाळवंट सुमारे १०,००० चौरस किलोमीटर पसरलेले आहे आणि समुद्रसपाटीपासून साधारण ३,६५० मीटर उंचीवर आहे. तिथून चिलीच्या सरहद्दीपर्यंत जीपने तीन दिवसांची सफर असते आणि वाटेत बहुतेक ठिकाणी नेटवर्क नसते. भाचीने हे निघण्यापूर्वी कळवले होते. ते तीन दिवस घर अगदी शांत होते. आधी सांगितलेल्या शांततेचा त्रास होत नाही. हे प्रत्येक बॅकपॅकरने लक्षात ठेवावे आणि परत नेटवर्कमध्ये येण्याचा दिवस सांगताना एक दिवस वाढवूनच सांगावा.

न सांगता आलेली शांतता पेरूत आली. ७ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष पेद्रो कास्तियो यांनी संसद बरखास्त केल्याचे जाहीर केले. संसदेने त्याच दिवशी त्यांनाच पदावरून दूर केले आणि त्यांना अटक झाली. देशाच्या दक्षिण भागात लोक रस्त्यावर उतरले. हमरस्ते दगड आणि टायर टाकून अडवले गेले, अरेकिपा आणि कुस्कोचे विमानतळ बंद पडले, माचू पिचूची रेल्वे थांबली आणि शेकडो पर्यटक तिथे अडकले. १४ डिसेंबरला देशभर ३० दिवसांची आणीबाणी लागू झाली. भाची याच सुमारास अरेकिपाहून कुस्कोला जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये होती.

सांगलीतून पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक दिसू लागली. म्हणजे मेसेज गेला, पण तिच्या फोनवर पोहोचला नाही. पहिल्या दिवशी फोन चार्ज नसेल असे सर्वांनी धरले. दुसऱ्या दिवशी एका चुलत नातेवाइकाने जळत्या बसचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि खाली प्रश्नचिन्ह. तो पेरूचा होता की आणखी कुठला, हे कोणालाच सांगता येईना. आई जुना फोन पुन्हा पुन्हा उघडून पाहत होती. ओटीपीही येत नव्हता. भेटायला येणारे धीर द्यायचा सोडून, एवढे स्वातंत्र्य द्यायला नको होते, असे तिला तिच्याच स्वयंपाकघरात ऐकवून जात होते.

आणि या सगळ्या वेळात भाची कुठे आहे हे पुण्यात एका मुलीला ठाऊक होते. बस अडकली त्या रात्री भाचीने फोन बंद पडण्यापूर्वी एका मैत्रिणीला आवाजी निरोप पाठवला होता : बस घाटात अडवली आहे, काचेवर दगड आले, आम्ही सगळे आतच बसून आहोत, थंडी फार आहे, घरी सांगू नकोस. मैत्रिणीने सांगितले नाही. आईने स्वतः तिला फोन केला तेव्हाही, काकू, ठीक असेल ती, एवढेच ती बोलली. भाची कुस्कोत पोहोचून तिचा फोन सुरू झाल्यावर हे उघडकीस आले, तेही तिच्याच तोंडून, सहज.

या गोष्टीचा विचार अजूनही शांतपणे करता येत नाही. निरोप पाळणे हा मैत्रीतला मोठा गुण, हे मान्यच. पण मैत्रिणीने सगळे सांगावे असे नव्हतेच. दगडांचे, थंडीचे सांगू नये. तिचा आवाज ऐकला, बस अडकली आहे, ती बसमध्ये सुरक्षित आहे, इतके सांगितले असते तर ना वचन मोडले असते ना कोणाचे काही बिघडले असते. चाळिशीच्या आतल्या माणसांना काळजी ही फक्त बातमीने वाढते असे वाटते. साठीतल्या माणसाची काळजी बातमी नसली की वाढते. भाचीच्या वडिलांनी त्या रात्री परराष्ट्र मंत्रालयाचे संकेतस्थळ उघडून लिमातल्या भारतीय दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक कागदावर उतरवून घेतला होता आणि सकाळ होण्याची वाट पाहत ते बसून होते. एका वाक्याने त्यांना झोप लागली असती.

यातून एक गोष्ट मात्र दिसली, जी तोवर कोणी ध्यानात घेतली नव्हती. बॅकपॅकर घरी दोन प्रवास पाठवत असतो. एक घरच्यांसाठी : धबधबे, बाजार, हॉस्टेलातला नाश्ता, आज मी खिचडी केली. दुसरा मित्रांसाठी : पोट बिघडून काढलेले दिवस, चोरीला गेलेले पाकीट, अंगचटीला आलेला माणूस, रडू आलेली संध्याकाळ. घरचे ज्याचा माग काढतात तो पहिला. तो खोटा नसतो, पण अर्धा असतो.

तथापि ही लपवाछपवी एका बाजूचीच होती असे म्हणता येत नाही. भाची बोलिव्हियात असताना तिच्या वडिलांची मिरजेला अँजिओप्लास्टी झाली होती. ती सगळे सोडून परत येईल म्हणून तिला कळवायचे नाही असे घरात ठरले आणि ते ठरवणाऱ्यांत प्रस्तुत लेखिकाही होती. ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल आला तेव्हा वडिलांनी हॉस्पिटलच्या कपड्यांवर घरचा शर्ट चढवला, सलाइन लावलेला हात चादरीखाली घेतला आणि मागे नुसती भिंत दिसेल असा फोन बायकोने धरला. लेकीने, बाबा दमलेले दिसताय, म्हटले; त्यांनी उन्हाचे कारण दिले. तेव्हा यात कोणालाही काही गैर वाटले नव्हते. आजही वाटत नाही. ती आली असती तर उयुनी राहिले असते आणि वडिलांना ते जास्त लागले असते. मैत्रिणीवरचा राग मात्र कायम आहे, आणि या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या की तो राग नीट उभा राहत नाही, हेही खरे.

भाचीला अँजिओप्लास्टी परत आल्यावर समजली, औषधांच्या डब्यावरून. ती आईशी दोन दिवस बोलली नाही.

आता तिचा मध्य आशियाचा बेत चालू आहे : उझबेकिस्तान, किरगिझस्तान आणि जमले तर पामीरचा रस्ता. या वेळी काही गोष्टी आधीच ठरवल्या आहेत. पासपोर्टची आणि विम्याची प्रत घरी राहील. प्रत्येक देशातला नवा नंबर पहिल्याच दिवशी कळवला जाईल. अडचणीचा निरोप मैत्रिणीकडे गेला तर मावशीकडेही जाईल. आईला किती सांगायचे ते मावशी ठरवेल. त्याबदल्यात वडिलांचे रिपोर्ट आपल्याला जसेच्या तसे पाठवावेत, अशी भाचीची अट आहे. आई तयार आहे. वडिलांनी अजून हो म्हटलेले नाही.