डोक्यावर टिकणारं हेल्मेट

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचं काम १९३३ साली सुरू झालं, तेव्हा मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी साइटवर कडक टोपी सक्तीची केली. टोप्या त्याच शहरातल्या बुलार्ड कंपनीच्या होत्या. पहिल्या महायुद्धात पोलादी शिरस्त्राण घातलेला या घराण्यातला मुलगा परतला आणि त्यानं १९१९ साली खाणकामगारांसाठी कॅनव्हास व सरस वाफेवर घट्ट करून टोपी तयार केली. आज प्रत्येक बांधकामावर दिसणाऱ्या पिवळ्या-पांढऱ्या हेल्मेटची सुरुवात ती.

आपल्याकडे बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, १९९८ साली केंद्रीय नियम आले. जिथे वरून काही पडण्याचा धोका आहे, तिथे हेल्मेट पुरवणं ही मालकाची जबाबदारी. औद्योगिक हेल्मेटचं भारतीय मानक आयएस २९२५. दुचाकीच्या हेल्मेटचं वेगळं, आयएस ४१५१. त्यामुळे मोटरसायकलवरचं हेल्मेट घालून स्लॅबवर उभं राहणं म्हणजे नियम पाळणं नव्हे.

हेल्मेटचं खरं काम आत चालतं. वरचं कवच मार पसरवतं आणि आतले पट्टे ताणले जाऊन तो झेलतात. युरोपीय मानकाच्या चाचणीत पाच किलोचं वजन एक मीटरवरून सोडतात; डोक्यापर्यंत पोचणारा जोर पाच किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो. हे साधतं ते कवच आणि डोकं यांच्यातल्या मोकळ्या जागेमुळे. तिथे तंबाखूची पुडी, मोबाइल किंवा घडी केलेला रुमाल ठेवला, की ती जागाच उरत नाही.

आणि तरीही साइटवर हेल्मेट डोक्यापेक्षा खांबावर लटकलेलं जास्त दिसतं. मुकादम याला कामगाराचा बेफिकीरपणा म्हणतो. माझ्या मते दोष बहुतेक वेळा खरेदीत असतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात घामाची पट्टी नसलेलं, कपाळाला रुतणारं हेल्मेट कोण दिवसभर घालील? चारऐवजी सहा ठिकाणी टेकणारे पट्टे, मागे फिरवून घट्ट-सैल करायची चकती, काढून धुता येणारी घामपट्टी : किमतीत फरक थोडाच पडतो. वारा खेळण्यासाठी भोकं असलेलं हेल्मेटही चांगलं, मात्र विजेच्या कामावर ते चालत नाही.

बाईमाणसाचा विचार तर खरेदीत होतच नाही. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, ते पुढे डोळ्यांवर येतं. त्याहून मोठी अडचण घमेल्याची. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर काँक्रीटनं भरलेलं घमेलं असेल, तर हेल्मेट घालायचं कुठे? साइटवर सगळ्यात उघडं डोकं त्या बिगारी बाईचं असतं, आणि ती ये-जा करते ती नेमकी परांचीखालून. इथे हेल्मेट बदलून भागत नाही, काम बदलावं लागतं. ढकलगाडी किंवा लिफ्ट लावून माल डोक्यावरून उतरवला, तरच तिच्या डोक्यावर हेल्मेट चढेल.

उंचीवरच्या कामाला हनुवटीचा पट्टा हवाच. खाली वाकलं की नुसतं हेल्मेट निसटतं. साध्या औद्योगिक हेल्मेटचा पट्टा ठरावीक ओढीला मुद्दाम सुटतो, कुठे अडकल्यास गळफास बसू नये म्हणून. गिर्यारोहकाचा मात्र पडतानाही टिकावा असा केलेला असतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागानं २०२३ च्या डिसेंबरात आपल्या निरीक्षकांसाठी जुन्या कडक टोप्यांऐवजी बाजूंनीही संरक्षण देणारी, पट्ट्याची हेल्मेट स्वीकारल्याचं जाहीर केलं.

हेल्मेट जुनं होतं, हेही ध्यानात असावं. उन्हानं प्लॅस्टिक ठिसूळ होतं, थिनर आणि ऑइलपेंटनं कमजोर होतं. बनवल्याचा महिना-वर्ष टोपीच्या आतल्या बाजूला कोरलेलं असतं. मोठा मार बसलेलं हेल्मेट तडा दिसला नाही तरी मोडीत काढावं.

मालकांना आणि ठेकेदारांना एवढीच विनंती : घाऊक ऑर्डर देण्याआधी दोन-तीन नमुने आणा, गवंड्याला, फिटरला आणि घमेलं उचलणाऱ्या बाईला पूर्ण पाळीभर वापरायला द्या, आणि संध्याकाळी त्यांनाच विचारून निवड करा.