दाट शक्यता

हवामानाच्या अंदाजाबद्दल पुणेकराला कुणी काही शिकवायला जाऊ नये. शिमला ऑफिस १९२८ सालापासून आमच्या गावात आहे. 'तुरळक ठिकाणी पावसाच्या हलक्या सरी पडण्याची शक्यता' हे वाक्य ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. वाक्य मोठं गुणी. पाऊस पडला, तर शक्यता होतीच. नाही पडला, तर आपण तुरळक ठिकाणी नव्हतो. या वाक्यावर कुणाचा संसार कधी अडला नाही.

अमेरिकेतला अंदाज इतका सोशीक नसतो, हे मी जानेवारी २०१५ मध्ये पाहिलं. लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं न्यू जर्सीत, एडिसनला गेलो होतो. तिचे दिवस भरत आलेले आणि टीव्हीवर वादळ! तिकडे वादळाचीही सोनोग्राफी करतात. कुठे आहे, केवढं आहे, केव्हा येणार, सगळं पडद्यावर. शेजारच्या न्यूयॉर्क शहरात २० ते ३० इंच बर्फ पडेल, असं सांगत होते.

जावईबापूंनी आमची शिकवणी घेतली. या वादळात वारा ईशान्येकडून येतो, म्हणून ते 'नॉरईस्टर'. कॅनडाकडची थंडी आणि अटलांटिकवरची वाफ यांची किनाऱ्यावर गाठ पडली, की ते माजतं. नुसता बर्फ पडला म्हणून 'ब्लिझर्ड' होत नाही. ताशी ३५ मैल वारा आणि पाव मैलापलीकडचं काही दिसेना, असं तीन तास चाललं तरच ती पदवी मिळते.

"आणि हॉस्पिटल किती मैलांवर?" सौ.ने विचारलं.

"सहा."

त्यानंतर शिकवणी बंद झाली.

जावईबापू दूध, पाव, फावडं आणि मिठाचं पोतं घेऊन आले. मीठ रस्त्यावर पसरायचं म्हणे, बर्फ वितळतो. सांडलेलं मीठ यमाघरी पापण्यांनी वेचावं लागतं, असं मानणारी आमची सौ. ते पोतं बघून हादरली. पण लेकीचा पाय घसरण्यापेक्षा यमाघरची शिक्षा परवडली, असा हिशेब करून तिनेच पहिली ओंजळ टाकली.

सोमवारी, २६ तारखेला, रात्री अकराला न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे बंद केली. बर्फापायी हे पहिल्यांदाच घडत होतं. सौ. लेकीच्या उशाशी, मी खिडकीशी. लेकीने कूस बदलली, तरी आम्ही दोघं उठून उभे.

सकाळी अंगणात बर्फ होता, पण वीतभरसुद्धा नाही! न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात ९.८ इंच. वादळ जरासं पूर्वेला सरकलं होतं आणि बॉस्टनला दोन फुटांवर थर देऊन मोकळं झालं होतं. युरोपातल्या संगणकाचा अंदाज मोठ्या बर्फाचा होता, अमेरिकेतल्याचा कमी बर्फाचा. पण २०१२ च्या सँडी वादळात युरोपवाला खरा ठरलेला, म्हणून वजन त्याच्या शब्दाला. हुशार जावयाचं ऐकावं आणि त्या दिवशी नेमकं मुलाचं खरं निघावं, तशातली गत.

आणि मग आमच्या त्या भागाचा अंदाज देणाऱ्या कार्यालयाच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली. आमच्या भरवशावर तुम्ही कठीण निर्णय घेतलेत आणि आम्ही चुकलो, अशा अर्थाची.

"उगाच घाबरवलं," जावईबापू म्हणाले.

"चुकला तेच बरं," सौ. म्हणाली. "खरा ठरला असता आणि हिला रात्री कळा सुटल्या असत्या म्हणजे?"

मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. जो इंच सांगतो, त्यालाच चुकता येतं. 'तुरळक' म्हणणाऱ्याला ती सोयच नाही, मग माफी कसली मागणार? आता आपल्याकडेही पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे येतात. रंग सांगणाराही थोडा का होईना, स्वतःला पणाला लावतो. त्याला हसावं जरूर, पण छत्री घेऊन हसावं.

राहता राहिला घरातला अंदाज. डॉक्टरांनी दिलेली तारीख चार दिवसांनी हुकली. त्यांनी काही माफी मागितली नाही. नातीने तर नाहीच नाही; उलट आल्या आल्या तिनेच आमच्यावर आवाज चढवला. आम्ही मुकाट्याने पेढे वाटले.