आजोबांचे पान

यांना पक्षाघात झाला त्याला आता सात महिने होतील. उजवे अंग हळूहळू सावरले. वाचा मात्र अडली ती अडलीच. वाचोपचारतज्ज्ञ बाई पेला, छत्री, घड्याळ यांची चित्रे समोर धरून नावे विचारीत, आणि पस्तीस वर्षे बँकेत रोखपाल असलेले हे गृहस्थ तोंड भिंतीकडे फिरवीत. बालवर्गातल्या मुलासारखे विचारले जाणे त्यांना सोसत नसे. मी रागावत असे. मग मलाच रडू येई.

मे महिन्यात बारा वर्षांचा नातू राहायला आला, तो रंगीत पत्त्यांचा गठ्ठा घेऊनच. 'यू-गि-ओ' हे त्या जपानी खेळाचे नाव. अर्थ 'खेळांचा राजा'. काझुकी ताकाहाशी या चित्रकाराने 1996 साली एका साप्ताहिकात नाना खेळांविषयीची चित्रकथा सुरू केली. पत्त्यांचा डाव तिच्यात थोडाच वेळ यायचा होता. वाचकांनी मात्र तोच उचलून धरला, आणि 1999 मध्ये कथेतला खेळ खरोखरच दुकानांत आला. पुढे त्याची दूरचित्रवाणी मालिकाही झाली.

हे सारे नातू आजोबांच्या पलंगावर मांडी घालून सांगे, उत्तराची अपेक्षा न धरता. आम्हा मोठ्यांना ते जमत नाही.

प्रत्येक खेळाडूपाशी आरंभी 8000 गुण असतात. 'निळ्या डोळ्यांचा पांढरा ड्रॅगन' या पानाचे बळ 3000, 'डार्क मॅजिशियन'चे 2500. दोघे एकमेकांवर चालून गेले की दुबळे पान बाद होते आणि फरकाचे गुण त्याच्या मालकाच्या खात्यातून वजा होतात. एके दुपारी नातू वजाबाकीत चुकला. सहा हजार पाचशे म्हणाला.

"साडेसात हजार," पलंगावरून आवाज आला. स्पष्ट, किंचित चिडलेला. काउंटरवरचा जुनाच आवाज. निवडायला घेतलेली मेथी माझ्या हातातच राहिली.

त्या दिवसापासून हिशेब आजोबांकडे आला.

कथेतही एक आजोबा आहेत. सुगोरोकू हे त्यांचे नावच मुळी एका जुन्या जपानी पटखेळाचे. खेळण्यांचे लहानसे दुकान चालवतात. मित्राने दिलेले ड्रॅगनचे पान ते जिवापाड जपतात. जगात तशी चारच पाने. तीन काइबा नावाच्या श्रीमंत मुलाने मिळवली, आणि चौथे आजोबांकडून जिंकून फाडून टाकले, कारण एका गठ्ठ्यात तीनच चालतात आणि उरलेले त्याच्यावर उलटू शकले असते. मालिकेत त्या धक्क्याने आजोबा रुग्णालयात जातात. नातवाचा मित्र जोनोउची स्पर्धेत उतरतो, तो बहिणीच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचा पैसा उभा करायला. पोरांच्या खेळात इतकी दुखणी असतील असे मला वाटले नव्हते.

ताकाहाशी 2022 साली, साठाव्या वर्षी, ओकिनावाच्या समुद्रात गेले; प्रवाहात सापडलेल्यांना वाचवायला ते पाण्यात उतरले होते, असे पुढे उघड झाले. हे नातवाने आजोबांना सांगितले नाही. स्वयंपाकघरात येऊन मला हळूच सांगितले.

काल यांनी शब्द जुळवत विचारले, "ते… आजोबा… पुढे?"

"बरे होतात की! दुकानात बसतात पुन्हा."

यांनी मान हलवली आणि डाव्या हाताने गठ्ठ्यातले वरचे पान उचलले.