चुकांसाठी घडवलेलं विमान

लढाऊ वैमानिक एकत्र बसले की गप्पा युद्धाच्याच रंगत असतील, असं आपण धरून चालतो. पण भारतीय हवाई दलातल्या निवृत्त वैमानिकांच्या आठवणी वाचल्या, मुलाखती ऐकल्या, की बोलणं फिरून फिरून प्रशिक्षणाच्या विमानांवर येतं: एचटी-2, दीपक, किरण. मला यात नुसता जुन्या दिवसांचा लळा दिसत नाही. लढाईतल्या विमानाची गोष्ट बहुधा पराक्रमाची असते, शिकण्याच्या विमानाची गोष्ट मात्र चुकांची. ते विमानच चुका सोसण्यासाठी घडवलेलं असतं. पुढे कितीही मोठ्या हुद्द्यावर गेलेला माणूस त्या गोष्टीत धावपट्टी हुकवणारा, प्रशिक्षकाची बोलणी खाणारा विशीतला पोरगा असतो, आणि ते तो स्वतःच्या तोंडानं सांगतो. म्हणून या गप्पांना मी प्रशिक्षणाचाच एक भाग मानते, आणि तो पुस्तकातून पुरता शिकवता येत नाही.

फॉर्मेशनचंच, म्हणजे एकमेकांना लगटून केलेल्या उड्डाणाचंच पाहा. लीडरच्या बाजूनं उडणारा विंगमन समोर बघत नाही. लीडरच्या पंखावरची एखादी खूण त्याच्याच विमानाच्या अंगावरच्या दुसऱ्या खुणेशी जुळवायची आणि ती जुळणी सुटू द्यायची नाही, एवढंच त्याचं जग. त्यासाठी स्टिक आणि थ्रॉटल क्षणाक्षणाला किंचित हलवत राहावं लागतं. नवखा माणूस दुसरं विमान इतकं जवळ बघून धास्तावतो, स्टिक आवळून धरतो आणि विमान वरखाली हेलकावायला लागतं. ते थांबवायला तो आणखी जोर लावतो, की हेलकावे आणखी वाढतात. यावर वैमानिकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला तोडगा आहे: बुटातली बोटं हलव. लक्ष पायाकडे गेलं की हाताची मूठ आपसूक सैलावते. ‘स्टिक हलकी धरा’ असं पुस्तकात छापता येतं, पण आपली मूठ आवळली गेली आहे हेच ज्याला उमगत नाही, त्याला त्या वाक्याचा काय उपयोग? आपल्यापेक्षा थोर वैमानिकाचीही मूठ अशीच आवळली होती हे ऐकलेलं असलं, तर ऐन वेळी ते आठवतं.

गोष्टी फुगतात, हा आक्षेप मला फारसा जड वाटत नाही. ऐकणाऱ्यांनी तेच विमान उडवलेलं असतं, आणि किरण काय करू शकतं नि काय नाही हे त्यांना पाठ असतं. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे: गोष्ट सांगायला जो वाचला तोच उरतो. 18 जानेवारी 1982 रोजी नेवाडाच्या वाळवंटात अमेरिकेच्या थंडरबर्ड्स पथकाची चार टी-38 विमानं सरावात लूप घेताना जमिनीवर आदळली आणि चौघेही गेले. टी-38 हेही मुळात प्रशिक्षणाचंच विमान. बिघाड लीडरच्या विमानाच्या नियंत्रणयंत्रणेत निघाला. बाकी तिघांची नजर, शिकवल्याप्रमाणे, लीडरवर होती. त्या तिघांची शिस्त अचूक होती, हे मला फार अस्वस्थ करतं. ही गोष्ट सांगायला त्या चौघांतलं कुणीच नव्हतं. ती चौकशीनं सांगितली. म्हणून चौकशीचा अहवाल हवाच, गप्पा त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

पण अहवाल नुसता असूनही भागत नाही, हे आपल्या हवाई दलाइतकं कुणाला ठाऊक? किरणवरून उतरलेला तरुण थेट ताशी 300 किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं धावपट्टीला टेकणाऱ्या मिग-21 वर जाई. मधली पायरी हवी, प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या, असं हवाई दलाच्या प्रशिक्षणाबाबत ला फाँतेन समितीनं आपल्या अहवालात 1982 मध्येच सांगितलं होतं. त्यासाठी हॉक या प्रशिक्षण विमानाचा करार झाला 2004 मध्ये आणि विमानं बिदरला आली 2008 मध्ये. मधली पंचवीसेक वर्षं ती पायरी कागदावरच होती. त्या काळातल्या पोरांच्या हाताशी किरणवरचे तास होते, आणि ‘मी इथं चुकलो होतो’ असं मोकळेपणानं सांगणारे आधीचे वैमानिक होते. तेवढ्यानं सगळे वाचले नाहीत. ती किंमत मी विसरू शकत नाही, आणि दिरंगाईला कोणतीही सबब मला मान्य नाही.

किरणमध्ये प्रशिक्षक आणि शिकाऊ शेजारी-शेजारी बसत. पांढरी पडलेली बोटं, स्टिकवर आवळलेली मूठ प्रशिक्षकाला मान किंचित वळवली की दिसे. आता पिलाटस पीसी-7, हॉक आणि येऊ घातलेलं एचटीटी-40 या तिन्हींत आसनं एकामागे एक आहेत. मागच्याला पुढच्याचं शिरस्त्राण दिसतं, हात दिसत नाही. विमान हेलकावलं हे त्याला कळतं, स्टिकही हातात जाणवते. पण मूठ कधी आणि कशाच्या भीतीनं आवळली, हे खाली उतरल्यावर डीब्रीफिंगच्या टेबलाशी त्या पोरानं स्वतः बोलायला हवं. ते बोलायला त्याची जीभ रेटेल की नाही, हे त्याच्या आधी त्या टेबलाशी कोण काय कबूल करून गेलं आहे यावर बरंचसं अवलंबून आहे.