बिऱ्हाड दक्षिणेकडे
लेखांक पहिला : तयारी

जालना, चंपाषष्ठी

चातुर्मासात वर्ज्य मानलेले वांगे आज भरताच्या रूपाने पानात आले आणि जेवणे उरकण्यापूर्वीच, आजवर नुसती बोलण्यात घोळत राहिलेली दक्षिणेच्या प्रवासाची मसलत पक्की झाली. निमित्त अक्कांच्या गुडघ्यांचे. आमच्या उघड्या पठारावर मार्गशीर्षातला पहाटवारा सांध्यांत शिरला की माझ्या या वडील भगिनींना जिना चढवत नाही, आणि मदुरेस मात्र पौषातही दुपारी तीस अंशांच्या आसपास ऊब असते, हे त्यांनी कोणाकडून तरी ऐकून ठेवले आहे.

दुसरे कारण बागेचे. मोसंबीला आंबे बहरासाठी ताण दिला आहे. म्हणजे पाणी तोडून झाडे मुद्दाम तहानलेली ठेवली आहेत, आणि पाने पिवळी पडून गळेपर्यंत व पुढे संक्रांतीच्या सुमारास आंबवणीचे पहिले पाणी सुटेपर्यंत बागाईतदाराला बांधावर उभे राहून हळहळण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. ज्यांनी २०१२-१३ च्या अवर्षणात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळताना पाहिल्या, त्यांना हा हातांनी दिलेला ताणही डोळ्यांनी पाहवत नाही. तेव्हा दूर जावे हेच बरे.

वाहनाचा प्रश्न पुतण्याने आधीच सोडवला आहे. त्याने जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली असून तीत चौघांना निजण्यापुरत्या फळ्या, एक ओटा, एक चिमुकली मोरी आणि पाण्याची टाकी असा सरंजाम आहे.

शुद्ध सप्तमी

आज दिवसभर नकाशा पसरलेला होता. अंबड, वडीगोद्री करून शहागडास गोदावरी ओलांडावी. बीड, तुळजापूर, सोलापूर अशी मजल दरमजल करीत विजापूर गाठावे. तेथून होसपेट, चित्रदुर्ग, बंगळूर आणि मग ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने सेलम, मदुरेवरून थेट कन्याकुमारी, असा हा सुमारे १६०० किलोमीटरांचा उतरता रस्ता बोटाने फिरून पाहण्यास अत्यंत सोपा आहे. पुतण्याचा हिशेब असा की आठवडाभरात समुद्र दिसावा आणि संक्रांतीला घरी परतून आंबवणीही आपल्याच हातांनी द्यावी.

या हिशेबाला मी हरकत घेतली, ती रस्त्यासाठी नव्हे, आभाळासाठी. थंडीचे दिवस म्हणजे कोरडे दिवस, हे आम्हा मराठवाड्याच्या लोकांचे गृहीतकृत्य. परंतु आपल्याकडून परतलेला मोसमी वारा बंगालच्या उपसागरावरून ईशान्येकडून वळतो तो तमिळ भूमीवर बरसण्यासाठीच, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत तिकडे वर्षाच्या पावसाचा जवळजवळ निम्मा हिस्सा पडून जातो. अक्कांना ज्या रामेश्वराची ओढ आहे त्याच बेटाच्या टोकावरचे धनुष्कोडी २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाच्या लाटेखाली गेले आणि एक आगगाडी प्रवाशांसकट वाहून गेली. त्या किनाऱ्यावर ऐन डिसेंबरात फळ्यांवरचे बिऱ्हाड घेऊन उभे राहण्यात शहाणपण नाही.

वादाअंती ठरले ते असे : डिसेंबर सारा कर्नाटकात काढावा, होसपेटला तुंगभद्रेच्या जलाशयाकाठी ऐसपैस मुक्काम करावा, आणि नवे वर्ष लागल्यावरच तमिळ मुलखात उतरावे. त्या धरणाविषयी मला उगाच आपलेपणा वाटतो. जालना ज्या हैदराबाद संस्थानात होते त्या संस्थानाने व मद्रास सरकारने मिळून १९४५ मध्ये त्याचा पाया घातला, आणि ते १९५३ मध्ये पुरे झाले.

मात्र या बंदोबस्तात संक्रांत प्रवासातच उजाडणार. आंबवणी आमच्या हातची नाही.

शुद्ध नवमी

कागदपत्रे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा फेरबदल गाडीत मंजुरीवाचून करता येत नाही, म्हणून फळ्या, ओटा, मोरी यांची नोंदणीपुस्तकाशी रुजुवात घातली. सारे बरहुकूम निघाले. विमा, प्रदूषणाचा दाखला, फास्टॅग. महाराष्ट्राने आणि केरळाने २०२१ मध्ये अशा फिरत्या घरांसाठी धोरणे जाहीर केली, हे पुतण्याने कौतुकाने सांगितले आणि केरळातला वागमोनचा वाहनतळ पाहण्याचा हट्ट धरला. उबेच्या शोधात निघालेल्या मंडळींनी हजार मीटरांहून उंच डोंगरावर निजायला जावे, हा तर्क अक्कांनी एका वाक्यात निकालात काढला : "तू जा, मी खाली थांबते."

शुद्ध एकादशी, मुक्काम जांबसमर्थ

चाचणी म्हणून घनसावंगी तालुक्यातल्या या समर्थांच्या जन्मगावी एक रात्र काढण्यास आलो आहोत. गाडी उत्तम चालली. शिकायला मिळाले ते टाकीकडून. ती १२० लिटरांची. मला ती समुद्रासारखी वाटली होती, पण चौघांची स्नाने, भांडी आणि पुतण्याने दात घासताना मोकळी सोडलेली तोटी एवढ्यात ती दुपारच्या आत तळाला गेली. सौभाग्यवतींनी तत्क्षणी कारभार हाती घेतला : तोटी बंद, तांब्या सुरू, भांडी आधी राखेने कोरडी घासायची, मग विसळायची, स्नान एकादशीपुरते अर्ध्या बादलीत. टँकरची वाट पाहून ज्या जिल्ह्यातील बायकांनी उन्हाळे काढले, त्यांना हे कोणत्याही माहितीपुस्तकातून शिकावे लागत नाही. पुन्हा भरलेली टाकी रात्रीपर्यंत पाऊण शिल्लक होती.

तरीही रोज पाणी कोठे मिळणार हे आधी हेरून ठेवले पाहिजे. या कामी मला आमच्याच जिल्ह्यातल्या असईच्या लढाईची आठवण होते. १८०३ च्या मार्चात तुंगभद्रा ओलांडून, म्हणजे आमच्या उलट दिशेने, वर आलेला इंग्रज सेनापती वेलस्ली २३ सप्टेंबरला केळणा नदीकाठी पोहोचला तेव्हा वाटाडे उतार नाही म्हणत होते; परंतु दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसताच, मध्ये उतार असणारच, असे त्याने ताडले आणि फौज पार नेली. लढाईतल्या इतर कशापेक्षा मला हा तर्क अधिक आवडतो. वस्तीकडे पाहून पाणी ओळखावे : पेट्रोलपंप, मोठी देवळे, धर्मशाळांची आवारे, यांची मुक्कामवार यादी मी आज कंदिलाच्या, म्हणजे विजेच्या कंदिलाच्या, उजेडात केली.

त्याच १८०३ सालात तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवला, आणि सज्जनगडावरच्या राममूर्ती तंजावरहून घडवून आणल्याची परंपरा समर्थ संप्रदायात सांगतात. जांबेहून निघणाऱ्याने तंजावर टाळणे बरे दिसणार नाही. यादीत दोन रात्री वाढवल्या.

शुद्ध त्रयोदशी, जालना

सामानाचा जाबता. ज्वारीचे पीठ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लसूण, काळा मसाला, पाच किलोंची गॅसची टाकी, पायपुसणी, दोर. भाताच्या मुलखात ज्वारी नेण्यावरून खल झाला, ज्वारी जिंकली.

अक्कांची मागणी निराळीच. रामेश्वरावर काशीच्या गंगेचे पाणी घालण्याचा शिरस्ता आहे. त्या म्हणतात, आमची गंगा शहागडापाशी आहे, तिचाच एक कलश घ्यावा. पुतण्याने वजनाचा मुद्दा काढला. याच गोदेकाठच्या पैठणच्या नाथांनी रामेश्वरासाठी आणलेली कावड तहानेल्या गाढवाला पाजली, अशी कथा आहे. अक्कांनी ती त्याला पुन्हा ऐकवली आणि वर म्हणाल्या, "वाटेत गाढव भेटलं तर बघू." कलशाला जागा मिळाली.

चतुर्दशी

सकाळी बागेत सालगड्याला पाण्याचा तपशील समजावला : पाने किती गळाली म्हणजे ताण पुरे, आंबवणी किती हलकी, चिंबवणीचे दुसरे पाणी किती दिवसांनी. धाकटे बंधू देखरेखीस आहेतच. गडी बराच वेळ ऐकून घेऊन म्हणाला, "मालक, पानी सोडायचं मी बघतो. तुम्ही तिकडल्या पावसाचं बघा."

दत्तजयंतीचा प्रसाद घेऊन उद्या दुपारी कूच. शहागडास कलश भरण्यापुरता थांबा, आणि पहिला मुक्काम तुळजापूर. पुढील लेखांक तेथून पाठवीन.