सादळलेला माईक

मी ऑडिओबुकं वाचते. माझा स्टुडिओ म्हणजे रत्नागिरीच्या घरातली मधली खोली आणि तिच्या भिंतींवर टांगलेल्या गोधड्या. गेल्या आषाढात एका कादंबरीचं निम्मं वाचन झालेलं असताना हेडफोनमध्ये खरखर सुरू झाली. तीही सतत नाही. मधूनच 'फट्', मग थोडी चुरचुर, मग बराच वेळ सगळं सुरळीत. सलग बिघडलेल्या वस्तूशी भांडता येतं. ही अधूनमधून बिघडणारी जात फार छळते.

दुरुस्तीवाल्यांनी माईक उघडायच्या आधीच निकाल दिला, "मॅडम, कॅप्सूल गेली असणार. नवीनच घ्या." कॅप्सूल म्हणजे कंडेन्सर माईकचं काळीज. सोन्याचा मुलामा दिलेला, काही मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा पडदा आणि त्याच्या मागे, केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर, धातूची चकती. आवाजाने पडदा थरथरला की हे अंतर बदलतं आणि त्यातून विजेचा इवलासा संकेत तयार होतो. न तपासता तिला मृत घोषित करणं मला पटलं नाही.

पहिला संशय केबलवर. त्याच केबलला साधा डायनॅमिक माईक लावला तर आवाज स्वच्छ आला. पण एवढ्यावर केबलला सोडून देता येत नाही. कंडेन्सरला चालायला वीज लागते आणि ती याच केबलमधून जाते. डायनॅमिकला ती लागत नाही. एखादी पिन सैल असेल तर डायनॅमिक गुमान चालतो आणि कंडेन्सर मात्र कुरकुरतो. म्हणून मल्टीमीटरने केबलच्या टोकाशी पिन १ आणि २, मग १ आणि ३ मोजल्या. दोन्हीकडे ४८ व्होल्ट, केबल हलवली तरी आकडा जागचा हलेना. या ४८ची गोष्ट गमतीची आहे. १९६६ साली नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या सरकारी रेडिओसाठी असे आवाजाच्या केबलमधूनच वीज घेणारे माईक केले, तेव्हा तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. तीच वापरली, आणि पुढे जगभर तोच आकडा रुळला.

म्हणजे दोष माईकच्या आतच होता. पण कुठे? माझ्या लक्षात आलं की खरखर पावसाची झड लागली की वाढते, आणि तोंड जवळ नेऊन बराच वेळ वाचलं की हमखास येते. श्वासातही ओल असतेच. मग माईक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवला. सकाळी आवाज काचेसारखा स्वच्छ. दुपारपर्यंत फटफट परत. कॅप्सूल फाटली असती तर डब्यात ठेवून शिवली गेली नसती.

कॅप्सूलमधला संकेत इतका दुबळा असतो की तो जपण्यासाठी पहिल्या सर्किटमध्ये गीगाओहमचे, म्हणजे १०० कोटी ओहम किंवा त्याहून मोठे रोधक बसवतात. एवढ्या रोधापुढे सर्किट बोर्डावरची धुळीची पुटंसुद्धा विजेला पायवाट वाटतात. नुसती धूळ फारसा त्रास देत नाही, पण ती ओल धरते, त्या ओलीतून वीज थेंबाथेंबाने पाझरते, आणि तो पाझर म्हणजेच आपल्याला ऐकू येणारी फटफट. माईक जुना होता. इतके पावसाळे त्याने काढले ते आतून स्वच्छ होता तोवर; आता आत धूळ साचली असणार.

म्हणून बोर्ड धुवायचं ठरवलं. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये पाणी असतं, ते इथे उपयोगाचं नाही. ९९ टक्के शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं मोबाइल दुरुस्त करणाऱ्या शेजारच्या मुलाकडे. माईकची वीज बंद करून, थोडा वेळ जाऊ देऊन, खालची कडी फिरवली आणि नळी सरकवून काढली. आधी तारांचे फोटो काढले. स्मरणशक्तीवर विसंबणारे लोक वेगळे. कॅप्सूलकडून येणारी बारीक तार जिथे जोडलेली होती, तिथेच सोल्डरिंगच्या वेळचा पिवळट राळेचा थर आणि त्यावर धूळ चिकटलेली. मऊ ब्रशने ती जागा, मोठे रोधक आणि आजूबाजूचा बोर्ड धुतला. बोट कुठेच लावलं नाही, कारण घामातलं मीठ म्हणजे पाझराला नवी वाट. पडद्याला तर ब्रशही नाही. तिथे हात चालवणं म्हणजे दुरुस्तीवाल्यांचं म्हणणं खरं करणं. अल्कोहोल उडून गेल्यावर एक रात्र पुन्हा सिलिकाच्या डब्यात.

दुसऱ्या दिवशी बाहेर धो धो पाऊस असताना माईक लावला, गेन मुद्दाम चढवला आणि अख्खं प्रकरण वाचून काढलं. खरखर नव्हती. पागोळ्या मात्र ऐकू येत होत्या, त्यामुळे ते वाचन बाद झालं ते झालंच. आता आषाढ-श्रावणात शक्यतो डायनॅमिकवरच वाचते; त्याला ओलीचं सोयरसुतक नसतं, फक्त गेन जास्त द्यावा लागतो. कंडेन्सर काम झालं की थेट डब्यात जातो. परवा दुरुस्तीवाले बाजारात भेटले, त्यांनी चौकशी केली. सांगितलं तर म्हणाले, "ते अल्कोहोल मिळालं कुठे तुम्हाला?"