दीड इंचाची सबुरी

गोल्फमधला ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा नव्हे. पहिला, सर्वांत लांबचा फटका मारायची काठी. तिची दांडी बहुधा ४५.५ इंचांच्या आसपास असते. पुण्यात येरवड्याच्या मैदानावर खेळणाऱ्या आम्हा चौघांनी साठीनंतर ४४ इंची दांडीचा, १२ अंश कलाचा ड्रायव्हर घेतला. तरुण मंडळी म्हणाली, "चाचा, ही तर म्हातारपणाची काठी!"

असेलही. लांब दांडीने वेग वाढतो, पण चेंडू काठीच्या तोंडाच्या मधोमध बसणे कठीण होते. कल जास्त असला की चेंडूला उलटी फिरकी अधिक मिळते आणि तो बाजूला कमी वळतो. चेंडू हद्दीबाहेर गेला, तर एका फटक्याचा दंड आणि पुन्हा पहिल्याच जागेवरून मारायचे. तो फटका तिसरा मोजतात. हौशी खेळाडूचा डाव इथेच मोडतो.

आता आमचा चेंडू दहा-पंधरा यार्ड मागे पडतो, पण गवतावर दिसतो. चौघांतल्या एकाला ही काठी अजून रुचलेली नाही. लांबीची चटक सुटत नाही, म्हणतो. दुसऱ्याने मात्र हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर खेळ सोडायचे ठरवले होते. झाडीत चेंडू शोधताना मागच्यांचा होणारा खोळंबा त्याला सोसवत नव्हता. या काठीने तो परत आला.

लांबी मिरवायला बरी. आम्हाला चौघांनी मिळून अठराव्या झेंड्यापर्यंत चालायचे आहे. त्यासाठी दीड इंच गेला, तर सौदा महाग नाही.